मुखशुद्धी

पंगतीत सर्वांत शेवटी येणाऱ्या पदार्थाकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. मीठ पानात पहिल्यांदा वाढतात, म्हणून मिठाच्या वाट्याला इमान आले, म्हणी आल्या, वाक्प्रचार आले. लिंबाची फोड कुठे, चटणी कुठे, कोशिंबीर कुठे, हे सारे ठरलेले. वरणभातावर तूप पडल्याखेरीज तर हातच उचलायचा नाही. बडीशेपेला मात्र पानात जागाच नाही. पाने उचलली गेली, हात धुऊन झाले, मंडळी ओसरीवर टेकली, कुणा आजोबांनी समाधानाची ढेकर दिली, की मग कुठे एक लहानसे तबक फिरू लागते. त्यातली चिमूट उचलताना कुणी तबकाकडे पाहतही नाही. बोलता बोलता हात पुढे होतो आणि बोलता बोलताच ती तोंडात जाते. जिलबीची चर्चा चार दिवस चालते, मठ्ठा बिघडला तर वर्षभर चालते, पण "काय बडीशेप होती हो त्या लग्नात!" असे म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. हॉटेलात तर ती बिलाच्या बशीतूनच येते. पैसे मोजताना गिऱ्हाइकाचे तोंड कडू होऊ नये, एवढेच तिचे काम.

आमच्या घरी हे तबक एका माणसापुढे मात्र थांबत नसे. माझे सासरे, आप्पा, नुसता हात हलवून ते पुढे सरकवायला सांगत. त्यांची मुखशुद्धी निराळी होती. जेवण झाले की ते ओसरीच्या कडेला बसत, कमरेची चंची काढून मांडीवर उलगडत, डाव्या तळहातावर तंबाखू घेत, नखाने चुना लावत आणि उजव्या अंगठ्याने सावकाश मळू लागत. मळून झाली की तळहातावर दोन टाळ्या. भुकटी उडून जाई आणि उरलेली चिमूट खालच्या ओठाआड विसावे. त्या दोन टाळ्या ऐकू आल्या, की सासूबाई आतून म्हणत, "झालं ह्यांचं जेवण." एसटीची गाडी ३६ वर्षे चालवली आप्पांनी. रात्रीच्या घाटात डोळ्याला डोळा लागू दिला नाही तो या चिमटीने, असे ते अभिमानाने सांगत. आणि ते खोटे होते असे मलाही म्हणवत नाही.

आप्पांची गोष्ट पुढे यायची आहे. पण आमच्या परसात बडीशेप आली ती काही त्यांच्यासाठी नव्हे. ती आली एका पाच वर्षांच्या मुलाच्या प्रश्नामुळे. दहावीच्या पुढे मी शाळेत गेले ती शिकवायलाच. दिवसा बालवाडी आणि रात्री कादंबरी, असा माझा गेल्या कित्येक वर्षांचा संसार आहे. कादंबरीतली माणसे माझे ऐकतात. बालवाडीतली ऐकत नाहीत, उलट मलाच विचारतात. एके दिवशी डबे खाऊन झाल्यावर मी मुलांच्या हातांवर बडीशेपेचे चार चार दाणे ठेवत होते, तेव्हा एकाने विचारले, "बाई, ही झाडाला येते, का वेलीला?" चाळिशी उलटेपर्यंत हे झाड मी पाहिलेले नव्हते. मोठ्या माणसांना काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेता येते. मुलांच्या बाबतीत तो मार्ग बंद असतो. मी म्हटले, "आपण लावून बघू या."

वाईला आमचे घर जुने आहे. घर म्हणजे वाड्याचा उरलेला एक सोपा आणि मागचे परसू. न्हाणीघर आणि तुळशीवृंदावन यांच्या मध्ये दहा फूट लांब आणि चार फूट रुंद एवढी जमीन मोकळी होती. माती काळी, म्हणजे पाणी धरून ठेवणारी, आणि बडीशेपेच्या मुळांशी पाणी तुंबलेले तिला मुळीच खपत नाही. म्हणून नदीकडची थोडी वाळू आणि भरपूर शेणखत मिसळून वाफा वीतभर उंच केला. ऊन सकाळपासून दुपारपर्यंत मिळे. कृष्णाकाठची थंडी तर तिला मानवणारीच. हे रब्बीचे पीक आहे. दसरा होतो, पाऊस सरतो, दिवाळीच्या आसपास पहाटे अंगावर पांघरूण ओढावेसे वाटू लागते, तीच तिच्या पेरणीची वेळ. म्हणजे हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा तुम्हांलाही पेरायला हरकत नाही. परसू नसेल तर गच्चीतला जुना डबा चालेल. मात्र तो फूट-सव्वा फूट खोल हवा, बुडाला भोके हवीत, कारण तिचे मूळ मुळ्यासारखे सरळ खाली जाते.

बियाण्यासाठी मी वाण्याकडेच गेले. वाण्याकडे दोन तऱ्हेची बडीशेप मिळते. एक बारीक, हिरवीगार आणि गोड. तिला लखनवी म्हणतात. दुसरी जाड, पिवळट हिरवी, मसाल्याची. खायला पहिली, पेरायला दुसरी. कारण ती बारीक बडीशेप दाणा अर्धामुर्धा भरलेला असतानाच खुडून सावलीत वाळवलेली असते. लहानपणीच कामाला लावलेल्या पोरासारखी ती. तिच्या पोटात पुढच्या पिढीचा जीव पुरता भरलेलाच नसतो. जाड दाणे रात्रभर भिजत घातले, हातभर अंतराच्या ओळी काढल्या, नखाएवढ्या खोलीवर पेरले आणि वर बारीक माती भुरभुरली. मग वाट पाहणे आले. मूग तिसऱ्या दिवशी मान वर काढतो. बडीशेप आठ-पंधरा दिवस घेते. तेवढ्या अवधीत माझ्या बालवाडीतल्या निम्म्या मुलांचा तिच्यावरचा विश्वास उडाला होता.

उगवली तेव्हा तिची दोन पहिली पाने गवताच्या पात्यांसारखी लांबट निघाली. ते गवत समजून मोलकरणीने एक ओळ साफ करून टाकली. बाकीच्या रोपांना मात्र आठवडाभरात खरी पाने फुटली, आणि मग कुणी चूक करण्याचा प्रश्नच राहिला नाही. पान कसले, हिरव्या रंगाची पिसेच ती! सकाळी दव पडले की त्यांवर इतके बारीक थेंब लटकत, की रोपावर कुणी धुके वाळत घातले आहे असे वाटे. दाट आलेली रोपे उपटून फूटभर अंतरावर एकेक ठेवले. उपटलेली आमटीत गेली.

एक दिवस शेजारच्या मावशी कुंपणापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "शेपू छान आलाय हो तुमचा. एक जुडी द्या की." शेपू आणि बडीशेप या दोघी सख्ख्या नव्हेत तरी चुलत बहिणी आहेत, आणि लांबून पाहिले तर आईसुद्धा फसेल. मी चार डहाळ्या तोडून दिल्या. संध्याकाळी मावशी परत आल्या. "अहो, असला कसला शेपू? मुगाची डाळ घालून केला, तर ह्यांनी मागून मागून खाल्ला!" त्यांच्या यजमानांना शेपूचा वास दारातसुद्धा सहन होत नाही, हे साऱ्या आळीला ठाऊक. शेपूचा रंग थोडा निळसर, वास उग्र. बडीशेपेचे पान चोळले तर बोटांना गोड वास राहतो. दाण्यातही फरक आहे. शेपूचा दाणा, ज्याला आपण बाळंतशेप म्हणतो, तो चपटा, कडेला पातळ झालर असलेला. बडीशेपेचा दाणा गोलसर, लांबट, अंगावर ठळक उभ्या रेघा असलेला. त्या दाण्याला आपण बी म्हणतो, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी ते फळ आहे. दोन अर्धुके पाठीला पाठ लावून बसलेली असतात, आणि वाळल्यावर सुटी होतात. प्रत्येकाच्या पाठीवर पाच उभ्या कडा असतात, आणि सुगंधी तेलाच्या नळ्या त्या कडांच्या मधल्या घळींखाली असतात. चावल्याबरोबर जी गोडी जिभेवर पसरते ती साखरेची नव्हे, या तेलातल्या ॲनेथोल नावाच्या द्रव्याची. चक्रफुलातही तेच असते, म्हणून दोघांचा वास एकमेकांची आठवण करून देतो.

तिचा गोतावळा पाहिला तर अर्धा मिसळणाचा डबा त्यात निघेल. धणे, जिरे, ओवा, शेपू, गाजर आणि हिंगाचे झाडसुद्धा एकाच कुळातले. साऱ्यांची खूण एक: फुलांच्या छत्र्या. संस्कृतात तिला मधुरिका आणि मिश्रेया अशी दोन नावे आहेत. जुन्या ग्रीक भाषेत तिचे नाव मॅरेथॉन. इसवी सनापूर्वी ४९० साली ग्रीकांनी इराणच्या फौजेला ज्या मैदानावर हरवले त्या मैदानाला, तिथे बडीशेप माजलेली असे म्हणून, हे नाव पडले असे सांगतात. पुढे १८९६ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनची शर्यत सुरू झाली. आमच्या साताऱ्यालाही डोंगराच्या चढावर दर वर्षी अर्धमॅरेथॉन होते. हजारो माणसे घाम गाळीत बडीशेपेचे नाव घेत धावतात, आणि त्यांतल्या एकालाही त्याची कल्पना नसते! शेवटचे तबक मिळाले तरी नाव असे जगभर फिरते; तिचे काही अगदीच वाईट चाललेले नाही.

पौष संपता संपता रोपे माझ्या खांद्याला लागली. देठ पोकळसर आणि हिरवे, वाऱ्याने कलणारे. तुराट्या रोवून, सुतळीने सैल बांधून त्यांना आधार दिला. मग शेंड्यावर पिवळ्या छत्र्या उघडल्या. एका मोठ्या छत्रीच्या वीस-पंचवीस काड्या, प्रत्येक काडीच्या टोकाला पुन्हा एक छोटी छत्री, आणि तिच्यात मोहरीएवढाली फुले. त्या महिन्यात आमच्या परसात सकाळी नऊ वाजता मधमाश्यांचा जो आवाज चाले, त्याने न्हाणीघरातल्या बंबाचा आवाज लोपून जाई. मावाही आला. छत्रीखाली हिरवट चिकट किडीची दाटी झाली. जे तोंडात घालायचे त्यावर विष मारायचे नाही, असा माझा निश्चय. पाण्याच्या जोरदार धारेने मावा धुऊन काढला, फारच भरलेल्या छत्र्या तोडून टाकल्या, आणि लाल पाठीवर काळे ठिपके मिरवणारे मुगाएवढाले किडे आले तेव्हा त्यांना कुणी हात लावायचा नाही असे मुलांना बजावले. मावा हेच त्यांचे जेवण. आठ दिवसांत त्यांनी पंगत संपवली.

काढणी एकदम होत नाही, हीच या पिकाची मौज आहे. मधली छत्री आधी भरते, बाजूच्या मागून. शेतकरीसुद्धा चार-पाच वेळा फिरून छत्र्या खुडतात. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात ऊंझा म्हणून गाव आहे. जिऱ्याची आणि बडीशेपेची तिथली बाजारपेठ साऱ्या देशाला माहीत आहे. आमचा वाफा त्या मानाने बाहुलीच्या लग्नातला. खाण्यासाठी हव्या त्या छत्र्या दाणा निम्मा भरल्यावर, हिरव्या असतानाच तोडायच्या आणि सावलीत वाळवायच्या. उन्हात टाकल्या की हिरवा रंग गेलाच. मसाल्यासाठी दाणा पूर्ण भरून पिवळा पडू लागेपर्यंत थांबायचे. आणि बियाण्यासाठी एक-दोन झाडांना शेवटपर्यंत हातच लावायचा नाही. पहिल्या वर्षी सारे मिळून पाऊण किलो निघाली.

पाऊण किलो बडीशेप म्हणजे एका घराला पुष्कळ. माझ्या सासूबाई माहेरच्या मालवणकडच्या. लग्न होऊन घाटावर आल्याला पन्नास वर्षे झाली, तरी त्यांच्या मसाल्यात बडीशेप पडल्याखेरीज त्यांना मसाला वाटत नाही. आणि साताऱ्याकडच्या त्यांच्या जावांना तो मसाला गोडुस वाटतो. हे युद्ध दर चैत्रात मसाला कुटताना होते आणि दर वर्षी बरोबरीत सुटते. दिवाळीत मात्र दोन्ही पक्षांचा तह असतो. चिवड्याच्या फोडणीत धण्यांबरोबर थोडी बडीशेप, बाकरवडीच्या सारणात खसखस आणि खोबऱ्याबरोबर भरडलेली बडीशेप, याला कुणाचीच हरकत नसते. कोवळी पाने थालीपिठात, कढीत, ताकात. उन्हाळ्यात बडीशेप रात्री भिजत घालून सकाळी वाटायची, गाळायची आणि खडीसाखर घालून सरबत करायचे. जुन्या बायका तान्ह्या बाळालाही बडीशेपेचे पाणी पाजत. आता डॉक्टर सांगतात की पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज बाळाला पाणीसुद्धा नको, आणि ते ऐकावे. रोजच्या मुखवासासाठी मात्र मंद आचेवर किंचित भाजलेली बडीशेप, तीळ, जवस आणि धणाडाळ, वर मिठाच्या पाण्याचा हबका, एवढे पुरे.

आता आप्पांकडे येते. तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात, पितृपंधरवड्याच्या जेवणात, तिखट आमटीचा घास घेताच आप्पांच्या डोळ्यांत पाणी आले. "तिखट झाली का हो?" असे सासूबाईंनी विचारले. आमटी तिखट नव्हती. गालाच्या आत कित्येक महिने जळजळत होते आणि त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. ह्यांनी त्यांना साताऱ्याला नेले. डॉक्टरांनी सांगितले, तीन बोटे उभी धरून तोंडात घाला. दोनच गेली. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. तुकडा काढून तपासायला पाठवला.

निकाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी एका कादंबरीचे प्रकरण लिहायला घेतले होते. त्यातली एकही ओळ मी ठेवली नाही. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हते. सासूबाई देवापुढचा दिवा दिवसातून तीनदा पुसत होत्या. निकाल आला: कर्करोग नव्हे, पण त्या वाटेवरचे पाऊल. तंबाखू आणि सुपारी आजपासून बंद, दर सहा महिन्यांनी तपासणी. मी विचारले, बडीशेप चालेल का? डॉक्टर म्हणाले, "खुशाल खाऊ द्या. पण ते औषध नाही हं. औषध एकच, ती चंची बंद करणं."

आप्पा घरी आले आणि जेवण झाल्यावर त्यांनी चंची उलगडली. आम्ही सारे पाहत राहिलो. ते म्हणाले, "सत्तरी गाठली. आता ह्या वयात काय सोडायचं आणि काय धरायचं?" तंबाखू मळली, दोन टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी त्या दिवशी आतून काही म्हटले नाही.

तंबाखू बंद पाडली ती डॉक्टरांनी नव्हे, आम्हीही नव्हे. माझ्या धाकट्या जावेचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. एका दुपारी तो ओसरीच्या दुसऱ्या टोकाला आजोबांसारखाच एक पाय दुमडून बसला होता. कुंडीतली कोरडी माती त्याने डाव्या तळहातावर घेतली, उजव्या अंगठ्याने सावकाश मळली, दोन टाळ्या वाजवल्या, चिमूट उचलली आणि खालचा ओठ पुढे ओढून आत ठेवली. पुन्हा भिंतीला टेकून, डोळे अर्धवट मिटून, एक सुस्कारासुद्धा सोडला. हुबेहूब! कुणा परक्या घरी हे पाहिले असते तर आम्ही हसलो असतो. आप्पा त्याच्याकडे पाहत होते. त्यांनी उठून पोराला न्हाणीघरात नेले, त्याच्या तोंडातली माती चुळा भरायला लावून काढली, आणि परत येऊन चंची सासूबाईंच्या हातात दिली. बोलले काहीच नाहीत.

महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये असा कायदा २००३ पासून आहे. तरीही आमच्या मुलांच्या खेळण्यात रिकाम्या पुड्या सापडतात; त्या कुठून येतात ते मुलांना विचारले तर ती अगदी निरागसपणे घरचीच नावे सांगतात. कायदा शाळेच्या भिंतीपाशी थांबतो. ओसरीवर त्याला कोण बोलावणार?

पुढचे दिवस कठीण होते. आप्पांना रात्री झोप लागेना, सकाळी पोट साफ होईना, दूधवाल्यापासून नातवापर्यंत सर्वांवर ते खेकसू लागले. मुखवासाची वाटी मी पुढे ठेवी, ते चिमूटभर तोंडात टाकत आणि म्हणत, "हे म्हणजे बसऐवजी तिकीट चघळण्यासारखं आहे." मला तेव्हा एक गोष्ट दिसली. तंबाखू जिभेला लागते हे तर खरेच, पण ती हातालाही लागते. जेवण झाले की आप्पांचा डावा तळहात आपोआप उघडा होई आणि उजवा अंगठा त्या रिकाम्या तळहातावर फिरत राही. त्या अंगठ्याला काम नव्हते. गाडीचे चाक सुटले तेव्हा तंबाखू होती. आता तीही सुटली.

दसरा झाला. पेरणीचे बी काढायचे म्हणून मी माळ्यावरच्या वाळलेल्या छत्र्यांची जुडी खाली काढली आणि सूप आप्पांच्या पुढे ठेवले. म्हटले, "आप्पा, एवढे दाणे मोकळे करून द्याल? मला बालवाडीला उशीर होतोय." छत्रीचे दाणे सोडवायचे तर ती तळहातावर घेऊन अंगठ्याने मळावी लागते. आप्पांनी एक छत्री डाव्या हातावर घेतली आणि त्यांचा अंगठा चालू लागला. काड्या मोडल्या, दाणे सुटले, परसातल्यासारखा वास ओसरीवर पसरला. मळून झाले. भुसा उडवायला त्यांनी सवयीने दोन टाळ्या मारल्या.

त्या आवाजासरशी सासूबाई हातातले लाटणे तसेच घेऊन बाहेर धावत आल्या. चेहरा पांढराफटक. आप्पांनी तळहात त्यांच्यापुढे धरला. हिरवट दाणे होते. सासूबाईंनी त्यांतली चिमूट उचलून तोंडात टाकली, जरा वेळ चावली, आणि म्हणाल्या, "जून आहे." मग दाराआड जाऊन पदराने डोळे पुसले.

त्या वर्षीपासून वाफा आप्पांचा आहे. मला त्यात आता फक्त पाणी घालायला परवानगी आहे, तीही आठवड्यातून एकदा. ओळी ते दोरी लावून सरळ काढतात. तुराट्या रोवताना रस्त्यावरचे मैलाचे दगड मोजावेत तशी अंतरे मोजतात. हिरव्या छत्र्या खुडायच्या दिवशी ते सकाळीच सूप घेऊन बसतात आणि दुपारपर्यंत उठत नाहीत. जुन्या चंचीत बडीशेप भरून पाहिली होती. पण तिच्या शिवणीत तंबाखूचा वास मुरलेला, तो दाण्यांना लागे आणि आप्पांचे मन अस्वस्थ करी. म्हणून सासूबाईंनी माळ्यावरच्या एका जुन्या खणाची नवी चंची शिवली. तिच्यात तीन कप्पे आहेत: एकात बडीशेप, एकात ओवा, एकात खडीसाखर. खडीसाखर नातवासाठी.

सारे सुरळीत झाले असे मात्र म्हणणार नाही. मागल्या एका लग्नात जुने सोबती भेटले आणि आप्पांनी एक चिमूट घेतली. घरी येऊन त्यांनीच सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनाही सांगितले. "सोडली का हो तंबाखू?" असे कुणी विचारले तर ते "सोडली" म्हणत नाहीत. म्हणतात, "आज खाल्ली नाही." तीन बोटे अजून तोंडात पुरती जात नाहीत, आखडलेला गाल पुन्हा पूर्वीसारखा सैल होणार नाही, असे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले आहे. पण चट्टा वाढलेला नाही. गेल्या दोन तपासण्यांत तो थोडा फिकट झालेला दिसला. दर सहा महिन्यांनी साताऱ्याला जायच्या आदल्या रात्री आमच्या घरात अजूनही कुणी मोठ्याने बोलत नाही.

परवा मी माळ्यावर गेले होते. सर्वांत भरदार अशा बारा छत्र्या आप्पांनी चिंधीने बांधून वेगळ्या ठेवल्या आहेत आणि चिंधीला खडूने लिहिलेला पुठ्ठा अडकवला आहे: "बियाणे. हात लावू नये." ज्या माणसाने ५० वर्षे उद्या सकाळच्या चिमटीपलीकडची कसली शिल्लक ठेवली नाही, तो पुढच्या वर्षीचे बी राखून ठेवू लागला आहे. बडीशेप पेरल्यापासून तोंडात पडेपर्यंत पाच-सहा महिने लागतात. मधल्या काळात माणसाने असायला हवे, एवढीच तिची अट.

यंदा लक्ष्मीपूजन झाले की पेरणी. नातू आता सात वर्षांचा आहे. दोरीचे एक टोक धरण्याचे काम त्याला मिळाले आहे. बी भिजत घालायला आप्पांनी तांब्या आत्ताच घासून ठेवला आहे.